नाल्याकाठी झाडपट्टा: लावायचं काय आणि किती रुंद?

तापीकाठ
चोपडा तालुका, खोल काळी जमीन, ४ एकर कपाशी. उतार दीड टक्का, खाली नाला. जोराचा पाऊस झाला की माती खतासकट वाहून जाते. नाल्यालगत १२० मीटर लांब, १० मीटर रुंद पट्टा सोडून करंज-जांभूळ दाट लावले तर माती अडेल का? १२ गुंठे जाताहेत, म्हणून विचारतोय.

बांधबंदिस्ती
नुसत्या झाडांनी नाही अडणार, भाऊ. दोन खोडांमधून पाणी खुशाल निघून जातं. त्याचा वेग मोडतं ते जमिनीलगतचं दाट गवत, आणि झाडं दाट झाली की सावलीत तेच मरतं. शेताकडचे ४ मीटर गवतालाच ठेवा, मग निर्गुडी, आणि काठाला करंज, जांभूळ, अर्जुन ४-५ मीटरवर एकेक. काठ धरायचं काम त्यांच्या मुळांचं.
गवतात सगळ्यात वर वाळ्याच्या दोन ओळी, ठोंबांत १०-१५ सेंमी अंतर, लेव्हल पाईप लावून समपातळीत. तूट राहिली की पाणी नेमकं तिथूनच जाणार. खाली मारवेल. हराळी, कुंदा मुळीच नको, कपाशीत घुसतील.

पाणलोट_धुळे
आधी सरी बघा. ५० मिमी पावसात ४ एकरांवर ८ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं एक तृतीयांश वाहिलं तरी १२० मीटरवर पसरून आलं तर मीटरमागे सव्वादोन हजार लिटर, पट्टा सहज झेलेल. सरी उताराच्या दिशेने असेल तर तेच पाणी एका घळीतून येईल आणि पट्टा चिरत जाईल. घळ आधीच पडली असेल तर दगडी सांडवा करा: तळाशी खडी, वर मोठे दगड, मधला भाग कडांपेक्षा फूटभर खोल. सपाट ठेवला तर पाणी बाजूची माती पोखरतं.
एक मात्र नको: पाणी मुरवायला पट्ट्यात चर. काळ्या मातीच्या भेगांतून पाणी आत शिरतं आणि काठाला आतून भगदाड पडतं.

तापीकाठ
सरी उताराचीच आहे 😐 यंदा आडवी करतो. नंतर देखभाल काय?

बांधबंदिस्ती
वाळ्याच्या वरच्या अंगाला गाळ चढत जातो, त्याचाच बांध होतो. मग पाणी त्याच्या कडेने पळतं आणि टोकाला फुटतं. वीतभर साचला की उन्हाळ्यात उचलून शेतात पसरवा. वाळा ४० सेंमीवर कापत राहा, म्हणजे बुंधा दाट होतो. पहिली दोन वर्षं शेळ्या आत नकोत. आणि ट्रॅक्टर वळवायला पट्ट्यावर घेऊ नका, ओल्या जमिनीतल्या चाकोऱ्याच पुढे घळी होतात.