कॅम्पसवरचे सिनेमे आणि चर्चा बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

शेवटचा बाक

काल इथेच एकांनी लिहिलं की विद्यापीठाच्या सभागृहात सिनेमे दाखवायचे आणि वर तासभर चर्चा झोडायची हा प्रकार आता बंद करा, सिनेमा मोबाईलवर मिळतो, तज्ज्ञांची भाषणं युट्यूबवर मिळतात, त्या जागेत अभ्यासिका काढा म्हणजे निदान पोरं तरी बसतील. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून तिथे दोन ओळी टाकण्याऐवजी वेगळा धागा काढतोय.

एकविसाव्या वर्षापर्यंत मला मूकपट म्हणजे माणसं तुरुतुरु पळतात तो प्रकार एवढंच माहीत होतं. कॅम्पसवर एकदा एक मूकपट लावला होता आणि तो संपल्यावर फिल्म जतन करण्याचं काम करणाऱ्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी त्यातला दोन मिनिटांचा तुकडा परत लावला, आधी सेकंदाला २४ फ्रेम्सने, मग १८ ने. नायिका पत्र वाचते आणि चुरगळून टाकते एवढाच प्रसंग. २४ ला सगळं सभागृह खिदळलं. १८ ला तिची बोटं कागदावर थांबतात, मग एकेक मिटत जातात, ते दिसलं आणि कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. बाई म्हणाल्या की बोलपट आला तेव्हा आवाजासाठी २४ चा वेग पक्का करावा लागला, त्याआधी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग कमीजास्त व्हायचा, आपण चुकीच्या वेगाने बघतो आणि त्या लोकांना हसतो. हे पुस्तकात असणारच, पण मी ते पुस्तक आयुष्यात उघडलं नसतं.

आणि 'सगळं मोबाईलवर मिळतं' हे लिहिणाऱ्यांनी कधी शोधून बघितलंय का? तिथे हक्क घेतलेलं तेवढंच दिसतं, करार संपला की तेही गायब. मूकपटांचा तर मोठा हिस्सा कायमचा गेलाय, तेव्हाची चटकन पेटणारी नायट्रेटची फिल्म जळली, कुजली, नाहीतर तिच्या थरातली चांदी काढायला गाळून टाकली. जे उरलंय ते लोकांनी एकत्र बसून बघायला जागा नको का? लंडनमध्ये १९२५ साली फिल्म सोसायटी निघाली, खेळ सभासदांपुरते, म्हणून तर १९२९ मध्ये सेन्सॉरने अडवलेला सोव्हिएत मूकपट 'बॅटलशिप पोटेमकिन' तिथे दाखवता आला आणि त्याचा दिग्दर्शक आयझेनस्टाइनने त्याच सुमारास तिथे व्याख्यानंही दिली. सत्यजित राय यांनी मित्रांना घेऊन कलकत्ता फिल्म सोसायटी काढली ती १९४७ मध्ये, 'पथेर पांचाली' आला १९५५ ला. बघणं आणि त्यावर वाद घालणं आधी, बनवणं नंतर. अभ्यासिका काढा ना, दुसरीकडे काढा.

मधली सीट

अजिबात पटलं नाही. तुम्हाला एक चांगल्या बाई भेटल्या, त्यावर तुम्ही अख्खी इमारत उभी केलीत. मी चार वर्षं नेमाने जात होते. एकदा सिनेमा दीड तासाचा आणि त्याआधीचा परिचय चाळीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं वक्त्याच्या स्वतःच्या परदेशवाऱ्यांवर, आणि बोलता बोलता गृहस्थांनी शेवटी कोण मरतं तेही सांगून टाकलं. पुढचा दीड तास मी फक्त तो माणूस कधी मरतो याची वाट बघत बसले. तो सिनेमा मला परत पहिल्यांदा बघता येणार आहे का? नाही ना? मग त्याची भरपाई कुणी करायची?

आणि प्रश्नोत्तरं! हात वर करतो, 'माझा प्रश्न नाही, एक निवेदन आहे' म्हणतो आणि सात मिनिटं सोडत नाही. दर वेळी तेच दोन-तीन चेहरे. मुली हात वर करून करून खाली घेतात. घरी बघितलेला सिनेमा निदान कुणी आपल्या अंगावर ओरडून समजावून सांगत नाही.

धुकं

मला एका कानाने जन्मापासून ऐकू येत नाही, दुसऱ्यात मशीन आहे. मोबाईल की सभागृह या भांडणात एक सांगते. सिनेमा मला सभागृहातच आवडतो कारण सबटायटल मोठी आणि स्वच्छ दिसतात, फक्त आपल्याच भाषेतला सिनेमा असला की ती लावत नाहीत, 'सगळ्यांना कळतं की' म्हणतात. पण चर्चा सुरू झाली की माझं संपलं. वक्ते माइक बाजूला ठेवतात, विचारतात 'आवाज पोचतोय ना सगळ्यांना?' आणि पुढच्या दोन रांगा मान डोलावतात. मागून प्रश्न येतो तो माइकशिवाय, उत्तर माइकवर, म्हणजे मला नुसती उत्तरं ऐकू येतात आणि ती कशाची ते कळत नाही. प्रश्न माइकवर परत सांगा एवढं मी तीनदा लेखी दिलं. बऱ्याच मशीनमध्ये टी स्विच असतो, सभागृहात इंडक्शन लूप म्हणजे माइकच्या यंत्रणेला जोडलेली तार फिरवून टाकली की तो लावल्यावर माइकवरचा आवाज थेट कानात येतो. त्यासाठीही आधी माणसाने माइकवर बोलायला पाहिजे.

जुना रीळवाला

सगळे बोलण्यावर भांडताय, पडद्यावर चित्र बरोबर पडतं का ते आधी बघा. मी एका कॅम्पसवर १९ वर्षं प्रोजेक्टर चालवला, १६ आणि ३५ मिलिमीटर, दोन्ही फिल्मचा. आता तिथे लॅपटॉप जोडतात आणि जुना चौकोनी सिनेमा ओढून ताणून रुंद पडद्यावर भरतात. माणसांची तोंडं भोपळ्यासारखी, आणि त्यावर विद्वान 'चौकटीची रचना' समजावून सांगतायत. चौकटच मोडलीत की तुम्ही!

प्लेबटण

काका, कुणाला फरक पडतो? दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या की पडदा अर्धा रिकामा वाटतो. पूर्ण भरला की बरं दिसतं. गोष्ट कळल्याशी मतलब.

जुना रीळवाला

फरक पडतो. १९३२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या हॉलिवूडच्या अकॅडमीने जी चौकट ठरवली ती उंचीच्या १.३७ पट रुंद. तुमच्या लॅपटॉपची १.७८ पट. एक दुसऱ्यात कोंबली की प्रत्येक वस्तू साधारण ३० टक्के जाड होते. सिनेमात गाडीचं चाक किंवा घड्याळ येईल तेव्हा बघा, अंडं दिसेल. ज्या माणसाने भिंगातून बघून नटाला दोन बोटं डावीकडे सरकायला सांगितलं त्याच्या कष्टावर तुम्ही बोळा फिरवताय. आणि दुसरा प्रकार याहून वाईट, ताणायचं नाही म्हणून वरून खालून कापतात, मग कपाळ गायब आणि सबटायटलची खालची ओळही गायब. मला रिकाम्या पडद्याचं सांगू नका, बाजूला काळे पडदे असायचे, ते ओढून घ्यायचे, पट्टी दिसायचीच नाही.

रीळ संपत आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर बदल. वीस मिनिटांनी एकदा. त्या सात सेकंदांत १९ वर्षांत मी एकदाही डोळा हलवला नाही. आणि आज म्हणे कुणाला फरक पडतो.

प्लेबटण

झालं, आमच्या वेळी असं होतं आणि तसं होतं. एवढं चित्राचं प्रेम आहे तर सभागृहात पन्नासच माणसं का असायची तेही सांगा. तुमच्यासारखे लोक दारात उभे राहून नवीन माणसाला कमी लेखतात म्हणून ती जागा ओस पडते. मला पहिल्याच दिवशी एकाने विचारलं होतं, 'हा दिग्दर्शक माहीत तरी आहे का?' परत गेलो नाही. माहीत नव्हता म्हणूनच आलो होतो ना मी!

मधली सीट

प्लेबटण, हे शेवटचं शंभर टक्के. बाकी ताणलेलं चित्र मात्र मलाही सहन होत नाही, त्या बाबतीत रीळवाले बरोबर आहेत, मला आवडो न आवडो.

जुना रीळवाला

मी दारात नव्हतो, मी वर केबिनमध्ये होतो. मला कुणी दिग्दर्शक माहीत आहे का विचारलं असतं तर मलाही अर्धे माहीत नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणारे वेगळे आणि आम्ही वेगळे, एका माळेत ओवू नका.

पायरीवरची

मी सध्या एका विद्यापीठात हे खेळ लावणाऱ्या गटात आहे म्हणून राहवत नाही. आम्ही सगळे विद्यार्थी, पगार कुणालाच नाही. रीळवाले काका, ताणलेलं चित्र आम्हालाही दिसतं, पण रात्री नऊला सभागृह रिकामं करून द्यायचं असतं आणि चाचणीला वेळ मिळत नाही. गेल्या सत्रात डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची सिनेमाची कुलूपबंद डिजिटल फाइल, आली, तिला उघडायला डिजिटल किल्ली लागते, किल्ली त्या एका सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. आमची संध्याकाळी सहाची होती, खेळ सव्वासहाला. सकाळी सगळे जमलो आणि फाइल उघडेचना. सहाला उघडली तर प्रोजेक्टर चुकीच्या सेटिंगला, लोक आत बसलेले, मी शिडीवर. पहिली आठ मिनिटं सगळ्यांची डोकी कापलेली. मग थांबवून परत पहिल्यापासून लावला, शिव्या खाल्ल्या.

आणि 'विकतची डिस्क आहे की, लावा' म्हणणाऱ्यांना, घरी बघायला घेतलेली डिस्क सभागृहात लावायला वेगळी परवानगी लागते. वर्गात शिकवायला काही देशांत सूट असते, संध्याकाळच्या जाहीर खेळाला ती सहसा लागू होत नाही. हक्क कुणाकडे हे शोधण्यातच महिना जातो. कधीकधी कंपनी बुडालेली असते, वारसांचा पत्ता नसतो. ज्यांना बंद करायचंय त्यांनी एकदा ही पत्रं लिहून बघा, म्हणजे आम्ही हे कशासाठी करतो ते विचाराल तरी.

शेवटचा बाक

मधली सीट यांना. परिचयात शेवट सांगणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही, करता येणारही नाही. माझ्या बाई नंतर बोलल्या होत्या, हा फरक तुम्ही लिहिल्यावर माझ्या लक्षात आला, मूळ पोस्टमध्ये तो ठासून लिहायला हवा होता. आधी बोलायचंच तर पाच मिनिटं, कथानकाला हात न लावता. पण त्यासाठी चर्चाच बंद, हे मी मान्य करणार नाही. न्यूयॉर्कमध्ये अमोस व्होगेल यांनी १९४७ ते १९६३ 'सिनेमा १६' नावाची फिल्म सोसायटी चालवली, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत विज्ञानपट, प्रायोगिक लघुपट, माहितीपट एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी असायचे. अशी सरमिसळ कुणीतरी माणूस विचार करून लावतो. मोबाईल तुम्ही काल जे बघितलं त्याच्यासारखंच आज पुढे करतो.

मधली सीट

ठीक आहे, नंतर असेल तर बसेन. दार उघडं ठेवा, ज्याला जायचंय त्याला जाऊ दे, जाताना वक्त्याने 'काही लोकांना घाई आहे' असं माइकवरून म्हणायचं नाही. निवेदनवाल्यांचा माइक काढून घ्यायला कुणीतरी खमकं माणूस बसवा. अभ्यासिकेचं मी कधी म्हटलंच नव्हतं, ते दुसऱ्यांचं.

प्लेबटण

चाकाचं आत्ता बघितलं. घरी एक जुना सिनेमा लावला, टांग्याचा शॉट आला, टीव्हीवर चाक अंड्यासारखं. सेटिंग बदलल्यावर गोल झालं. बरं, दिसतो फरक. दारातल्या माणसाबद्दल मी जे लिहिलं ते मात्र मागे घेणार नाही.

जुना रीळवाला

घेऊ नका. त्या माणसाला मीही ओळखतो, प्रत्येक ठिकाणी एक असतो.

धुकं

चौकट, पट्ट्या, चाक, ठिपके, सगळ्यावर बोलून झालं. माइकबद्दल एकही ओळ नाही. हे सभागृहात होतं तेच इथे झालं.

पायरीवरची

धुकं, चुकलंच. आमच्याकडे माइक दोन आहेत, दुसरा कपाटात पडून असतो कारण तो घेऊन रांगांमधून फिरायला माणूस नसतो. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः फिरते. प्रश्न हातात माइक आल्याशिवाय सुरूच होणार नाही, आणि वक्त्याच्या टेबलावर 'प्रश्न परत सांगा' असा कागद चिकटवते. सबटायटल असलेली फाइल मिळाली तर आपल्या भाषेतल्या सिनेमालाही लावू. लूपचं माझ्या हातात नाही, अर्ज करते.

धुकं

अर्जावर माझीही सही घ्या. शुक्रवारी मी चौथ्या रांगेत उजव्या टोकाला असेन, माझा चालणारा कान त्या बाजूने भिंतीकडे येत नाही.