टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती

"भोपाळला टाकीत पाणी शिरलं नसतं तर काहीच झालं नसतं" हे १९८४ च्या भोपाळ वायुगळतीबद्दल कुणी केलेलं म्हणणं मला अपुरं वाटतं. पाणी कसं शिरलं यावर वाद आहे. पण मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती, आणि निसटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता. २ डिसेंबरच्या रात्री अडवणारं उरलंच होतं किती?

मी केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट केल्या आहेत. इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास, म्हणजे तात्पुरता बंद, करण्याच्या फॉर्मवर "दोन दिवसांसाठी" लिहिलेलं असायचं आणि बायपास महिनाभर तसाच राहायचा. एकदा मी सही नाकारली, तर ती पुढच्या शिफ्टवाल्याकडून घेतली. कुंपणापलीकडच्या वस्तीला यातलं काहीच कळलं नाही.