मंडळाची खोली रिडेव्हलपमेंटमध्ये चाललीय, काय करावं?

आमच्या वाड्यात खाली मोठी खोली आहे, तिथं लेझीम मंडळ, बायकांचा बचत गट, संध्याकाळी पोरांची अभ्यासिका सगळं चालतं, भिंतीला खिळ्यावर लेझमा टांगलेल्या, खाली बिडीची सुपं. आता वाडा पाडून फ्लॅट करायलेत आणि बिल्डर म्हणतोय तुमचा काही हक्क लागत नाही. भाडं मात्र आम्ही दर महिन्याला भरतोय. कुणाला अनुभव आहे का?

— दादा, पावत्या कुणाच्या नावानं आहेत ते आधी बघा. मंडळ भाडेकरू असेल तर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, पाडायचंय म्हणून मालक असाच बाहेर काढू शकत नाही, त्याला कोर्टात जावं लागतं. वकील गाठा.

— आणि जागा ट्रस्टची निघाली तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था (ट्रस्ट) कायद्यातलं कलम ३६ आहे, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नगर भूमापन ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढा म्हणजे मालक कोण ते कळेल.

— भाऊ, तोंडी शब्दावर खोली रिकामी करू नका हो. आम्ही केली. आता गटाची मीटिंग पार्किंगमध्ये घेतो, पाऊस आला की वह्या पदराखाली धरून पळायचं, निम्म्या बायका यायच्याच बंद झाल्या. करारात चौरस फूट लिहून घ्या, तळमजलाच मागा, म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही.

— ताई, वाचून पोटात कालवलं. पावत्या मंडळाच्या नावानंच आहेत, आईच्या ट्रंकेत सापडल्या. उद्याच वकिलाकडं जातो.