हेवी हॉलमध्ये नवीन आहे, मालक भाड्याचे 25 टक्के देतो म्हणतोय, घ्यावं का?

नवा_लोबेड

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत साधा ट्रेलर चालवलाय, कंटेनर वगैरे, पैसे किलोमीटरवर. आता एका हेवी हॉलवाल्याने, म्हणजे अवजड मशिनरी वाहून नेणाऱ्याने, बोलावलंय. लोबेड (बुटका, जमिनीलगतचा ट्रेलर) आहे, पोकलेन, क्रशर, कधीकधी ट्रान्सफॉर्मर. तो म्हणतो किलोमीटर नाही, महिन्याचा पगार नाही, भाड्याचे 25 टक्के तुझे. वर एका खेपेचं बिल पण दाखवलं, आकडा बघून खरं सांगतो डोळे फिरले. दुसरीकडे अजून एक जण आहे तो रोजावर घेतोय, गाडी हलो न हलो, पण रोज काही फार नाही. मी या लाइनीत नवीन, लोड चेनने बांधायला जुन्या लोकांपेक्षा जास्त वेळ लागणारच, त्यामुळे टक्केवारीत मी मार खाईन का असं वाटतंय. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी जरा सांगा.

बारा_अ‍ॅक्सल

25 टक्के कशाचे ते आधी विचार. सगळं तिथंच अडतं.

हेवी लोडच्या बिलात नुसतं भाडं नसतं. मोठ्या लोडच्या परमिटची फी, पायलट गाड्या (लोडच्या पुढेमागे चालणाऱ्या, यालाच एस्कॉर्ट म्हणतात), रूट सर्व्हे, कुठे वायरी उचलायला माणसं, टोल, डिझेलचा सरचार्ज, असं सगळं मिळून तो आकडा होतो. यातले परमिट आणि पायलटचे पैसे मालकाच्या हातून पुढे जातात, त्यावर ड्रायव्हरला टक्का नसतो आणि ते बरोबरच आहे. डिझेल मालक भरत असेल तर सरचार्ज पण त्याने ठेवला तर तक्रार नाही. म्हणजे तुला दाखवलेल्या बिलातलं खरं भाडं किती होतं ते बघ, डोळे परत जागेवर येतील 🙂

आता गोम कुठे असते सांगतो. काही ठिकाणी परमिट आणि एस्कॉर्टची रक्कम बिलात फुगवून लावतात आणि भाड्याची ओळ बारीक करतात, गिऱ्हाईकाला बेरीज तेवढीच दिसते, फक्त तुझा टक्का कमी होतो. दुसरा प्रकार म्हणजे मालकाचीच एक बुकिंग कंपनी असते, लोड आधी तिच्याकडे, तिचं कमिशन कापून मग गाडीला, आणि तुझे 25 टक्के त्या उरलेल्यावर. म्हणून गिऱ्हाईकाने दिलेला मूळ रेटचा कागद दर खेपेला बघायला मिळणार का हे आधीच विचारून घे. जो दाखवायला का कू करतो त्याच्याकडे 30 टक्के असले तरी उपयोग नाही.

हिशोबी

बारा_अ‍ॅक्सल बरोबर बोलले पण ते सगळं कागदावरचं झालं, खरा मार बसतो दिवसांत.

समजा खेपेचं नुसतं भाडं 100 आहे. तुझे 25. लोड करून बांधून, पोचवून, रिकामं परत यायला 4 दिवस लागले तर दिवसाला सव्वासहा पडले. आता तीच खेप परमिट अडकलं म्हणून 7 दिवस चालली तर दिवसाला साडेतीनच्या आसपास. रोजवाला दिवसाला 5 देत असेल तर पहिल्या वेळी टक्केवारी पुढे, 25 विरुद्ध 20, आणि दुसऱ्या वेळी रोजवाल्याकडे 35 झाले असते. पाच दिवसांवर दोन्ही सारखं. म्हणजे प्रश्न एवढाच की या मालकाच्या खेपा सरासरी किती दिवस चालतात, आणि ते एका बिलावरून कळत नाही. त्याच्याकडच्या दुसऱ्या ड्रायव्हरला गाठून विचार की मागच्या तीन-चार महिन्यांत हातात काय आलं. मालक नेहमी सगळ्यात चांगली खेपच दाखवणार, स्थळ दाखवायला आणल्यासारखं.

आणि दिवस कशाने वाढतात ते साध्या ट्रेलरवरून येणाऱ्याला पटकन लक्षात येत नाही. परमिट ठरावीक रस्त्याला, ठरावीक तारखांना आणि सांगितलेल्या मापाला मिळतं. साइटवर गेलास आणि मशीनची बकेट काढलेली नाही, उंची सांगितल्यापेक्षा जास्त भरली, की ते परमिट कामाचं नाही. बदलून येईपर्यंत बसून राहा. बऱ्याच ठिकाणी मोठ्या लोडला फक्त उजेडात चालायची परवानगी असते, शहरात गर्दीच्या वेळी बंद, सुट्टीच्या दिवशी बंद. वारा जास्त असेल तर थांबा. क्रेन आली नाही तर थांबा. यात तुझा दोष काहीच नाही आणि टक्केवारीत पैसे मात्र तुझेच जातात.

टक्केवाला

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू. मी टक्केवारीवरच आहे आणि परत रोजावर जाणार नाही. कठीण लोडला रेट चांगला मिळतो आणि त्यात माझा वाटा आपोआप वाढतो, मालकाकडे हात पसरावा लागत नाही. रोजावर असलं की 20 टनाचं मशीन न्या की 80 टनाचा ट्रान्सफॉर्मर, पैसे तेच, डोक्याला ताप मात्र चौपट. फक्त एक अट, थांबण्याचे पैसे गिऱ्हाईक देतं त्यातही माझा वाटा पाहिजे, आणि माझा टक्का इतर लोकांपेक्षा जास्त असतो. कित्येक मालक हे थांबण्याचे पैसे, म्हणजे डिटेन्शन, पूर्ण खिशात घालतात, बसलेला असतो ड्रायव्हर!!

पण हे जुन्या माणसाचं झालं. नवीन माणसाला पहिले काही महिने मोठे लोड देतच नाहीत, आणि देऊही नयेत. म्हणजे टक्का 25 असला तरी तो छोट्या भाड्यावरचा 25. हे धरून हिशोब कर.

उतारावरचा

किलोमीटरवर कोणी बोलावलं तर मात्र जाऊ नको. हेवीत किलोमीटर होतच नाहीत. बाकी वरच्यांनी सांगितलंच.

एक वेगळा मुद्दा. टक्केवारीवर नवीन माणूस घाई करतो, हे बघितलंय. खेप लवकर संपली की दुसरी मिळते हे डोक्यात असतं, मग थोडं अंतर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन चेन परत आवळायची ती राहते, लोड बसतो, चेन ताणून धरणारे बाइंडर ढिले होतात. उंची मालकाने सांगितली म्हणून स्वतः काठी लावून मोजत नाही. पुलाखाली कोणी टक्का विचारत नाही, लायसन्स विचारतात. शिकायच्या काळात घड्याळ मागे लागलेलं नको, त्यासाठी पहिलं वर्ष रोज घ्यावा असं माझं मत.

नवा_लोबेड

सगळ्यांचे आभार, काल जाऊन विचारून आलो. टक्के परमिट, पायलट आणि सरचार्ज सोडून, ते ठीक. रेटचा कागद दाखवतो म्हणाला, तिथल्या एका ड्रायव्हरनेही सांगितलं की दाखवतात. रिकामं परत येण्याचे वेगळे पैसे नाहीत. डिटेन्शनचं विचारल्यावर म्हणाला "बघू तसं आलं तर". ओव्हरलोडचा दंड झाला तर कोणाचा, यावर पण नीट बोलला नाही. काय करावं?

हिशोबी

"बघू" म्हणजे नाही असं धर आणि मग आकडे लाव. रिकाम्या परतीचे दिवस पण त्याच 25 मध्ये आले, मी वर धरलेत तसेच. दंडाचं असं की वजन खोटं सांगितलं किंवा परमिट चुकीचं काढलं तर मालकाचा, परमिटचा रस्ता सोडून तू गेलास तर तुझा, हे साध्या कागदावर दोन ओळीत लिहून घे.

टक्केवाला

माणूस कागद दाखवतोय म्हणजे अगदीच वाईट नाही. त्याला म्हण, पहिले सहा महिने रोजाची हमी द्या, टक्क्याने जास्त झालं तर जास्त ते द्या. महिन्याला नाही, आठवड्याला जुळवायचं, नाहीतर एका चांगल्या आठवड्यावर बोट ठेवून तो बाकीच्या आठवड्यांची हमी विसरेल. चांगले मालक नवीन माणसाला हे देतात कारण त्यांनाही गाडी मोडलेली नको असते. नाहीच म्हणाला तर रोजवाल्याकडे जा, तिथे चेन बांधायला शिक, टक्केवारी कुठे पळून जात नाही.

बारा_अ‍ॅक्सल

आणि पैसे कधी मिळणार ते विचारलंस का? खेप उतरल्यावर की गिऱ्हाईकाने बिल भरल्यावर? मोठ्या प्रोजेक्टची बिलं दोन-दोन महिने लटकतात.

नवा_लोबेड

ते राहिलंच. उद्या फोन करतो, हमीचं पण बोलतो.