बुलेटचं ऑईल फिरतंय की नाही, हे नेमकं कुठे बघायचं?

कराडकरीण:

नमस्कार मंडळी. गाडी बुलेट ३५०, १९७४ ची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे जुन्या चालीची. बाबांची. गेली सहा वर्षं मागच्या पडवीत गोणपाटाखाली उभी होती. बाबा दर रविवारी तिला किक मारून दहा मिनिटं चालू ठेवायचे. ते गेल्यावर ते काम कुणी अंगावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात मी घेतलं. मी हायस्कूलला गणित शिकवते. पाना धरायला बाबांनी शिकवलंय, पण इंजिन कधी खोललेलं नाही.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, प्लग बदलला. ऑईलची पट्टी काढून बघितली तर कोरडी ठणठणीत. "ऑईलच नाही की गाडीत," म्हणाला आणि २०डब्ल्यू-५० चं दीड लिटर ओतून मोकळा झाला. आधीचं ऑईल गेलं कुठे, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. खाली फरशीवर डाग नव्हता, तळहाताएवढासुद्धा.

चौदाव्या किकला गाडी लागली आणि पाच मिनिटांत पडवीत होळी पेटल्यासारखा निळा धूर. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून ऑईलची पिचकारी थेट भिंतीवर. शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. गॅरेजवाला म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागेल. मी गाडी बंद केली, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

बाबांच्या वहीत एक ओळ आहे: "ऑईल फिरतंय ते आधी बघणे, मग गाडी रस्त्यावर." कसं बघणे, ते लिहिलेलं नाही. गाडीला ऑईल प्रेशरचा काटा नाही, दिवा नाही. हेडलाइटच्या वर एक अ‍ॅमीटर आहे तेवढाच. तर ऑईल फिरतंय हे बाहेरून, इंजिन न खोलता, कळतं का? आणि धुराचं काय?

फिरस्ता (पुणे):

सोपं आहे. इंजिनाच्या हेडला वर ऑईलचे जे बारीक पाईप जातात, रॉकरचे (वाल्व उघडणाऱ्या दांड्यांचे), त्यातल्या एकाचा बँजो बोल्ट, म्हणजे ऑईल जायचा पोकळ बोल्ट, गाडी आयडलिंगला असताना अर्धा आटा सैल करा. ऑईल पाझरलं की फिरतंय, नाही पाझरलं तर लगेच बंद करा. मी माझ्या गाडीला दर ऑईल बदलीनंतर हेच करतो, दोन मिनिटांचं काम. तांब्याचा वायसर मात्र नवीन टाका, नाहीतर तिथून कायम गळत राहील आणि हेडवर धूळ बसून चिखल होईल.

सुटा वायसर (ठाणे):

रिंगा वगैरे काही गेलेल्या नाहीत, माझी पैज. सहा वर्षं उभ्या गाडीला पहिल्या पाच मिनिटांच्या धुरावरून इंजिन बांधायला सांगणारा माणूस गिऱ्हाईक बघून बोलतोय. प्रेशरचा गेज बसवून घ्या, म्हणजे कायमची काळजी मिटेल.

जुनंलोखंड (कोल्हापूर):

बघा ताई, छत्तीस वर्षं बुलेटच खोलल्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमची कोरडी पट्टी. या इंजिनाला ऑईलची टाकी वेगळी लटकवलेली नसते, क्रँककेसच्याच, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीच्याच ओतकामात मागच्या बाजूला कप्पा असतो, तीच टाकी. सव्वादोन लिटरच्या आसपास मावतं. पट्टी बुडते ती त्या कप्प्यात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमधे उतरतं. बाहेर थेंब पडत नाही, म्हणून तुमच्या फरशीला डाग नाही. पट्टी कोरडी आणि क्रँकचं चाक ऑईलात पोहतंय, अशी अवस्था. त्यावर तुमच्या माणसानं आणि दीड लिटर ओतलं. मग ते पिस्टनच्या वर येणार, जळणार, ब्रीदरनं भिंत रंगवणार. दुसरं काय होणार? रिंगांचा विषय तूर्त सोडा.

आता किक मारू नका. इंजिनाच्या खाली टाकीचा प्लग वेगळा, क्रँककेसचा वेगळा. दोन्हीतलं ऑईल वेगवेगळ्या भांड्यात काढा आणि मोजा. तुमचा विषयच आहे तो.

आता फिरण्याचं. फिरस्ता भाऊंनी सांगितलेलं खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि या अर्ध्यावर विसंबून मी तरुणपणी एका गिऱ्हाइकाचा कनेक्टिंग रॉड घालवलाय. या इंजिनात टायमिंग कव्हरमधे, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणात, दोन पंप आहेत. एक फीडचा: टाकीतून ओढतो, फिल्टरमधून नेऊन क्रँकच्या टोकातून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर फिरणाऱ्या खालच्या सांध्याला देतो. दुसरा रिटर्नचा: क्रँककेसच्या तळाला साचलेलं उचलून टाकीत परत टाकतो, आणि वाटेत त्यातलंच थोडं वर रॉकरला पाठवतो. म्हणजे रॉकरला जातं ते रिटर्नचं ऑईल. तिथं दिसलं तर रिटर्न पंप चालतोय एवढंच कळलं. बिग एंडला काय मिळतंय, त्याचा पत्ता नाही.

त्यात तुमच्यासारख्या गाडीत आणखी फसवणूक. खाली आधीच दोन लिटर साचलेलं असेल तर फीड पंप साफ बंद असला तरी रिटर्नवाला पाचदहा मिनिटं मजेत रॉकरला ऑईल देत राहतो. माणूस बघतो, खूश होतो, आणि फेरी मारायला जातो. माझं गिऱ्हाईक गगनबावड्याच्या रस्त्याला गेलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. क्रँककेस रिकामी करून टाकीत ताजं भरा, फिल्टर नवा घाला. स्पार्क प्लग काढून ठेवून किका मारा, म्हणजे पायाला त्रास नाही आणि पंपाला ऑईल धरायला वेळ मिळतो. मग प्लग लावून चालू करा, आयडलिंगलाच. टायमिंग कव्हरवर दोन पंपांच्या मधे एक प्लग आहे, फीडचा. तो चालू गाडीत थोडा सैल करायचा. थोडा. पूर्ण काढला तर तुमच्या काकूंना परत बादली आणावी लागंल. आट्यातून ऑईल ठोक्याठोक्यानं ढकलल्यासारखं आलं की फीड पंप आणि फिल्टर पास. तो आवळा. मग ऑईल भरायचं टोपण काढून टॉर्चनं आत बघा, रिटर्न पडताना दिसलं पाहिजे. सगळ्यात शेवटी रॉकर.

गेजचं म्हणाल तर या पंपाला प्रेशर मुळात थोडंच. गेज लावला की रोज काटा बघून रक्तदाब वाढायचा, गाडीचा न्हवं, मालकाचा.

कराडकरीण:

काका, मोजलं. क्रँककेसमधून १ लिटर ६५० मिली, टाकीतून १ लिटर ८००. दूध मोजायचं माप वापरलं, आता ते पडवीतच राहणार. एकूण ३ लिटर ४५०. त्यातलं दीड लिटर ओतलेलं वजा केलं आणि ब्रीदरने भिंतीला दिलेलं धरलं तर बाबांचं ऑईल जवळपास सगळंच गाडीत होतं. एक थेंब कुठे गेला नव्हता. त्या माणसाने ओतण्याआधी दोन मिनिटं विचार केला असता तर माझी भिंत वाचली असती.

तळाचं ऑईल काळं, पण बोटावर घासून बघितलं तर कचकच लागली नाही. लोहचुंबक फिरवलं, शेवाळासारखी अगदी बारीक लव चिकटली, तुकडा नाही. जुना फिल्टर नमद्याचा, तो पिळल्यावर मात्र शाईसारखं निघालं.

किकांचा हिशोब केला. बाबांकडच्या माहितीपुस्तकात पंपाचा दांडा इंजिनाच्या बाराव्या हिश्श्याने फिरतो असं आहे. एका किकमधे इंजिन दोन-अडीच फेरे घेतं असं धरलं तर पाच किकांना पंपाचा जेमतेम एक फेरा! मी आधी दहा किका मारून फीडच्या प्लगपाशी बोट लावून बसले होते आणि काहीच येत नाही म्हणून घाबरले होते. दोन फेऱ्यांत रिकामा फिल्टर काय भरणार. मग साठ मारल्या, वीस-वीसच्या हप्त्यात. भाचा मोजत होता, सत्तेचाळीसनंतर त्याने पुन्हा चाळीस म्हटलं, म्हणजे साठहून जास्तच झाल्या असतील.

मग चालू केली. धूर आला, थोडा, तिसऱ्या मिनिटाला विरळ झाला. फीडचा प्लग पाऊण आटा सैल केला. आधी काही नाही. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग आट्याच्या कडेला एक काळपट मणी आला, फुगला, ओघळला, पुन्हा फुगला. ९०० आरपीएम धरले तर पंपाचे मिनिटाला ७५ फेरे होतात, म्हणजे सेकंदाला सव्वा. आणि ते फुगणं साधारण त्याच चालीत होतं. इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं. मी नववीच्या वर्गाला गुणोत्तर शिकवताना नळ आणि हौद वापरते, यंदा हा मणी सांगणार आहे.

टोपण काढून आत बघितलं, रिटर्न थुंकल्यासारखं पडत होतं. रॉकरलाही आलं, दोन्ही बाजूंना. वायसर नवे टाकले, फिरस्ता.

म्हणजे पास ना? एकच आहे, थोडी गरम झाल्यावर रेस दिली की खालून टक-टक असा आवाज येतोय असं वाटतं. वाटतं म्हणतेय, कारण शेजारी पिठाची गिरणी आहे.

फिरस्ता (पुणे):

मी बारा वर्षं फक्त रॉकर बघत होतो. काका, आज संध्याकाळी प्लग बघतो.

जुनंलोखंड (कोल्हापूर):

हिशोब झकास. पण पास म्हणायची घाई नको, एक जागा राहिलीय, आणि ती बाहेरून दिसत नाही.

त्या प्लगपाशी ऑईल आलं म्हणजे पंपानं तिथवर आणून सोडलं. तिथून ते फिरत्या क्रँकच्या टोकात शिरायचं असतं, आणि तिथं सील कशाची, तर कॉर्कची. बुचाच्या लाकडाची! कॉर्क वाळला, झिजला, तुकडा पडला की ऑईल क्रँकमधे न जाता बाजूनं टायमिंग चेंबरमधे पळतं, तिथून तळाला, तिथून रिटर्न पंपाला. बाहेरून बघाल तर सगळं पास: प्लगला ऑईल, टाकीत रिटर्न, रॉकरला ऑईल. बिग एंड तेवढा उपाशी. सहा वर्षं उभ्या गाडीत तो कॉर्क तपासत बसायचा नसतो, बदलायचा असतो. पाचपन्नास रुपयांची वस्तू.

टायमिंग कव्हर उतरवायला लागंल. आधी ऑईल काढा, नाहीतर सगळं अंगावर येईल. आणि क्रँकच्या टोकाला पंप फिरवणारा वर्म असतो, तो उलट्या आट्यांचा आहे. त्याला हात लावायची गरज नाही, पण कुणी लावलाच तर नेहमीच्या बाजूला जोर देऊन मोडू नका. नवा कॉर्क रात्रभर ऑईलात भिजवा. कव्हर बसवताना तो चुरगळत नाही ना बघा, क्रँकचं टोक त्यात सरळ गेलं पाहिजे. कव्हर हातात आहेच तर पंपाच्या चकत्या काढून त्यांचं तोंड बघा. ओरखडे असतील तर पितळ घासायच्या पॉलिशनं बैठकीवर हलक्या हातानं घासून घ्या. उभ्या गाडीत ऑईल उतरतं ते तिथूनच. पूर्ण थांबणार नाही, पण वेग कमी होईल.

तोवर गाडी चालू करू नका. टक-टक खरं असेल तर प्रत्येक मिनिट महाग आहे.

सुटा वायसर (ठाणे):

गेजचं मी मागे घेतो.

कराडकरीण:

अकरा दिवसांनी लिहितेय, परीक्षेचे पेपर होते.

कव्हर काल उतरवलं. मी आणि आमच्या शाळेचे कार्यशाळेचे सर, दोघांनी मिळून. कॉर्क बाहेर आला तो दोन तुकड्यांत, आणि तिसरा जो असायला हवा होता तो मिळालाच नाही. उरलेला नखाने दाबला तर खडूसारखा भुगा. तिसरा तुकडा ऑईलच्या वाटेत कुठे अडकला नाही ना, म्हणून आम्ही कव्हरमधली प्रत्येक वाट सायकलच्या पंपाने फुंकून काढली, दीड तास. नाही सापडला. बहुतेक फार पूर्वीच फिल्टरच्या शाईत गेला असावा.

नवा भिजवून बसवला. चकत्यांवर ओरखडे होते, एकीवर जास्त. घासल्या, बैठकीवर सगळीकडून सारखा राखाडी रंग येईपर्यंत.

आज सकाळी पुन्हा सत्तर किका (या वेळी मी मोजल्या), मग चालू. प्लगचा मणी आता मणी राहिला नाही, सैल करताच बोटाला ढकलत बाहेर आला. बोटाला कळतो इतका फरक आहे. गिरणी बंद असण्याची वेळ साधून वीस मिनिटं चालवली, गरम केली, रेस दिली. टक-टक नाही. टॅपेटची (वाल्वच्या दांड्यांच्या फटीची) टिकटिक आहे, ती वेगळी, ती वरून येते. बंद केल्यावर लगेच पट्टी बघितली, खुणेपासून दोन मिलिमीटर खाली. तिथे खडूने पडवीच्या भिंतीवर तारीख आणि माप लिहून ठेवलंय, डागाच्या शेजारी. पुढच्या रविवारी चालू करायच्या आधी पट्टी बघणार, म्हणजे आठवड्यात किती उतरतं ते कळेल.

काका, टॅपेट थंड इंजिनातच बघायचे ना?

जुनंलोखंड (कोल्हापूर):

थंडच. पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारा दांडा, बोटानं फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. आणि गिअरबॉक्समधे शेवटचं कधी बघितलंय? त्याचा इंजिनाच्या ऑईलशी संबंध नाही, तो वेगळा भरतात.

कराडकरीण:

बाबांच्या वहीत गिअरबॉक्सचं पान आहे. ते फाटलेलं आहे.