१० गुंठ्यांतील जरबेरा : प्रकल्प अहवाल कसा तपासावा?

पौडकर
नमस्कार. पौडजवळील आमच्या बागायत जमिनीपैकी १० गुंठ्यांवर पॉलिहाऊस उभारून जरबेरा घेण्याचा विचार आहे. मिळालेल्या प्रकल्प अहवालात वर्षभर एकच दर धरलेला आहे. लग्नसराईतला भाव मी पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पाहिला आहे. परंतु पितृपंधरवड्याचे काय, हे त्यात कुठेच नाही. कर्ज काढण्यापूर्वी हिशेब कसा तपासावा?

मावळवासी
आधी फुले मोजावीत. १० गुंठे म्हणजे सुमारे १००० चौरस मीटर. चौरस मीटरला ६ या प्रमाणाने ६००० रोपे बसतात आणि रोपामागे वर्षाला ३५ फुले धरली, तर २ लाख १० हजार फुले होतात. म्हणजे सरासरी दर फुलामागे १ रुपयाने जरी उतरला, तरी वर्षाकाठी दोन लाखांहून अधिक रक्कम जाते आणि बँकेचा हप्ता तेवढाच राहतो. म्हणून अडत, हमाली, गाडीभाडे, खोका आणि प्रत्येक फुलावर चढवायची प्लास्टिकची पिशवी वजा जाता हाती जे उरते, त्याची बारा महिन्यांची सरासरी धरावी. एखाद्या उत्पादकाकडे वर्षभराच्या पट्ट्या, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या, मागा. लग्नसराईतल्या चार पट्ट्या कोणीही दाखवील. मंदीत फुले उमलायची थांबत नाहीत, आणि विकली न गेली तरी ती काढावीच लागतात, त्यामुळे मजुरीही सुटत नाही.

हरितगृह_तळेगाव
वरील हिशेबात एक भर. जरबेऱ्याची लागवड साधारण तीन वर्षे चालते आणि छताचा प्लास्टिकचा कागदही तीन-चार वर्षांत बदलावा लागतो. सात वर्षांच्या कर्जात हे दोन्ही खर्च किमान एकदा येणारच. शिवाय नव्या लागवडीनंतर पहिली फुले येईपर्यंत अडीच-तीन महिने उत्पन्न शून्य असते. अनुदान प्रत्यक्ष खर्चावर नसून शासनाने ठरवलेल्या मापदंडावर मोजले जाते, त्यामुळे अहवालातील ‘५० टक्के’ हा आकडा कोणत्या रकमेवर लावला आहे, तेही पाहावे.

पौडकर
आभारी आहे. अहवालात फेरलागवड धरलेलीच नाही. मग डच गुलाब बरा का? व्हॅलेंटाईन डेला भाव चांगला मिळतो.

मावळवासी
त्या एका आठवड्यासाठी डिसेंबरच्या उत्तरार्धात छाटणी साधावी लागते, आणि थंडी लांबली की फुले चार दिवस उशिरा येतात. १४ फेब्रुवारीनंतर त्याच फुलाला तेवढे गिऱ्हाईक नसते. गुलाबाची झाडे जास्त वर्षे टिकतात, हे खरे. तथापि शीतगृहाची सोय नसताना १० गुंठ्यांत मी त्या वाटेला जाणार नाही.