गिरण्या गेल्या आणि मुंबई सावरली? कुणाची मुंबई?

चाळकरी
परवा एकाने लिहिलं की गिरण्या बंद पडल्या हे मुंबईच्या पथ्यावरच पडलं. धूर गेला, बँका आणि ऑफिसं आली, शहर श्रीमंत झालं, आता रडगाणी पुरेत. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवलं नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं गिरण्यांत होती. त्यातले एक माझे वडील. शिक्षण सातवी. मामाने जॉबरला, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाला, सांगून बदलीवर लावलं. रोज गेटवर जायचं, कुणी खाडा केला असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. पाच वर्षं अशी काढल्यावर कायम झाले. मग फंड, ग्रॅच्युइटी आणि उद्याची खात्री. त्याच पगारावर दोन आत्यांची लग्नं झाली, गावच्या घरावर कौलं चढली.

माझा पुतण्या बी.कॉम. आहे. आजोबा ज्या आवारात कापड विणायचे तिथल्याच काचेच्या इमारतीत तो सिक्युरिटीला उभा असतो. ठेकेदाराकडून, बारा तास. अकरा महिने झाले की नवा कागद. शहराचा पैसा वाढला हे मला मान्य आहे. पण सातवी शिकलेल्याला जिथे पाय ठेवता येत होता ती पायरीच काढून घेतली. या शहराचं पुढे काय होणार ते मी त्या पायरीवरून बघतो.

हिशेबी
ती पोस्ट माझी. वडिलांबद्दल आदर आहे, पण साठ-एक गिरण्या भर शहरात कायम चालल्या असत्या असं खरंच वाटतं? जिथे हा धंदा जन्मला त्या मँचेस्टरला तरी तो टिकला का? मुंबईत जागा महाग, वीज महाग, मजुरी भिवंडीपेक्षा कितीतरी जास्त. पॉवरलूमवाला तेच कापड स्वस्तात देत होता. संप झाला नसता तर दहा वर्षं उशिरा बंद पडल्या असत्या, इतकाच फरक. मी लोअर परळला 14 वर्षं नोकरी करतोय. आमच्या मजल्यावर तीनशे माणसं, निम्म्या मुली. हा रोजगार नव्हे?

भोंगा
बंद पडल्या नाहीत, पाडल्या. नफा होता तेव्हा तो यंत्रात घातला नाही, दुसऱ्या धंद्यांत वळवला. माझे काका 1979 मध्ये ज्या मागावर होते त्यावर इंग्लंडच्या कारखान्याची पितळी पाटी होती आणि पाटीवरचं साल काकांच्या जन्माआधीचं. पट्टा तुटला की चांभाराकडून शिवून आणायचा. असे माग ठेवायचे आणि मग म्हणायचं, भिवंडी स्वस्त पडते!

आणि जमिनीचं काय? 1991 च्या नियमात गिरणीच्या जागेचे साधारण तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. 2001 मध्ये तो बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची सगळी मालकाची. 2005 मध्ये हायकोर्टाने हे नाकारलं, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. सहाशे एकरांच्या आसपासची जागा होती. दोन-तीन ओळींच्या बदलात शहराच्या हातून गेली.

स्पष्टवक्ता
मालक, जमीन, कोर्ट, सगळं आलं. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांचं नाव कुणी घेणार आहे का? संप सुरू करता येतो तसा मागेही घेता यायला हवा. आठव्या महिन्यात माझे वडील कामावर निघाले. चाळीच्या जिन्यातच अडवून मारलं, शेजाऱ्यांनीच. त्यांच्यासोबत दिवाळीचा फराळ खाल्लेला होता आम्ही. वडील त्यानंतर चाळीत कुणाशी बोलले नाहीत.

भोंगा
मारहाण वाईटच. पण कामगार सामंतांकडे स्वतःहून गेले होते. 1946 च्या कायद्याने बोलणी करण्याचा हक्क एकाच संघटनेला दिलेला, आणि तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. दुसरं दार होतं कुठे?

स्पष्टवक्ता
दार नव्हतं म्हणून भिंतीवर डोकं आपटायचं? आणि डोकं कुणाचं, तर आमचं. पुढाऱ्यांची पोरं उपाशी झोपली नाहीत.

भोंगा
सामंतांना 1997 मध्ये पवईत गोळ्या घातल्या. त्यांनी काही भोगलं नाही असं माझ्यासमोर म्हणू नका.

स्पष्टवक्ता
खुनाचं समर्थन मी केलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

डबेवालीची लेक
तुम्हा सगळ्यांच्या संपात बाप आहेत, काका आहेत. आई कुणाचीच नाही. बायका गिरण्यांत होत्या. 1929 च्या बाळंतपणाच्या कायद्यानंतर मालकांना त्या जड वाटू लागल्या आणि त्यांची भरती आटत गेली. मग त्यांनी खानावळी घातल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी.

माझ्या आईकडे बावीस मेंबर जेवायला होते. संप लागला, पैसे बंद झाले, जेवण बंद झालं नाही. तिने आधी बांगड्या विकल्या, मग मंगळसूत्राच्या वाट्या. तिची वही अजून माझ्याकडे आहे: नाव, गाव, बाकी. बहुतेक जण गावी गेले ते परत आलेच नाहीत. एकाने दोन वर्षांनी संगमेश्वरहून चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली. आईने वहीतली त्याची ओळ खोडली नाही, शेजारी फक्त ‘आले’ लिहिलं. या बावीसांच्या जेवणाचा हिशेब कुठल्या अहवालात येतो?

हिशेबी, तुमच्यासारख्याच ऑफिसात मीही आहे, तेव्हा त्या नोकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या मजल्यावरची संडासं कोण धुतं? आमच्याकडे माझ्या जुन्या चाळीतल्या दोघी येतात. ठेक्यावर. तीनशेत त्यांना धरलंत का?

हिशेबी
नाही धरलं. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, हे कबूल करतो. तरी प्रश्न उरतोच: पुढे काय? गिरणी परत येणार नाही.

चाळकरी
गिरणी परत आणा असं मी म्हटलेलंच नाही. आणि कारखाने मुंबईतून गेले हेही अर्धंच खरं आहे. धारावीत जा. माळ्यावर शिलाई चालते, चामड्याच्या पिशव्या बनतात, माल परदेशी जातो. काम आहे. फंड नाही, हजेरीपट नाही, आग लागली तर उतरायला धड जिना नाही. गिरणीच्या आवारात अशा लोकांना परवडतील असे गाळे काढता आले असते. तिथे काय निघालं? हॉटेलं आणि पब. त्यातही डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली. ठेक्यावरच्या माणसाला फंड, हजेरी आणि कायमपण द्या, मग सेवा क्षेत्राचं कौतुक मीही करीन.

हिशेबी
कायमपणाची सक्ती केली तर कंपन्या माणसंच घेणार नाहीत, हे माझं मत कायम. फंड आणि हजेरी मात्र द्यायलाच हवी. तेवढं मान्य.

भोंगा
स्पष्टवक्ता, वाद बाजूला ठेवा. 1 जानेवारी 1982 ला वडील हजेरीपटावर होते ना? गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरासाठी अर्ज केलाय?

स्पष्टवक्ता
केलाय. तिकीट नंबर, फंडाची स्लिप, सगळं जोडलंय. 2012 च्या सोडतीत नाव आलं नाही. वडील गेले, आता आई वारस आहे. आता म्हणतात, मुंबईबाहेर शेलू-वांगणीला देऊ. तिचं वय 76, गुडघे गेलेले, डॉक्टर परळला. तिने तिथून लोकल धरायची? सामंतांबद्दल माझं मत बदलणार नाही. पण घर मुंबईतच हवं, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.